वरकड अंड्यांचा हिशेब

सुरत हे नाव उच्चारताच मराठी माणसाला १६६४ सालची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. फार तर तापीच्या तीरावरची इंग्रजांची वखार. आज मी ज्या सुरतेकडे आपले लक्ष वेधणार आहे ती पुष्कळ अलीकडची आणि पुष्कळ साधी आहे. शहराच्या आग्नेयेस, उधन्याच्या बाजूला, जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या आसपास डिंडोली नावाची वस्ती आहे. एके काळचे हे खेडे. वाढत्या शहराने ते पोटात घेतले. तेथील गल्ल्यांतून आज गुजरातीबरोबर अहिराणीही कानी पडते. यंत्रमाग आणि कापड-छपाईच्या कारखान्यांनी धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून जी माणसे ओढून आणली, त्यांची ही बिऱ्हाडे. ही माणसे येताना भाषा घेऊन आली, भाकरी घेऊन आली, गावचे देवही घेऊन आली. अंगणातील कोंबडी मात्र मागे राहिली, आणि तिच्याबरोबर घरच्या बाईच्या हाती येणारे वरकड अंडेही. त्या अंड्याचा इतिहास हा आजचा विषय.

प्रथम हिशेब पाहू. गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारणपणे पन्नास-साठ अंडी देते, आणि तीही सलग नव्हेत. बारा-पंधरा अंडी घालून झाली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसते. एकवीस दिवसांनी पिले बाहेर पडतात. पुढे काही आठवडे त्यांच्यामागे हिंडण्यात जातात. चार-पाच कोंबड्या असलेल्या घरात यामुळे कधी दुरडी भरते, तर कधी औषधालाही अंडे मिळत नाही. जी भरते तिला तीन वाटा फुटतात. काही अंडी पोरांच्या आणि बाळंतिणीच्या तोंडी जातात. काही दारावर किंवा आठवडे बाजारात विकून मीठ, तेल, काड्यापेटी येते. उरलेली कोंबडीखाली जातात.

या तिसऱ्या वाटेकडे अर्थशास्त्राच्या ग्रंथांनी पुरेसे पाहिलेले नाही, असे मला वाटते. अंडे हे खाद्य आहे आणि नाणेही आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ते बियाणेही आहे. आपली कोंबडी खुडूक बसली आणि घरात अंडी नसली, की बाई शेजारणीकडून दहा-बारा अंडी मागून आणी आणि पुढे त्यांच्या बदल्यात एखादी तलंग देई. जिच्याकडे कोंबडीच नसे तिला दुसरी आपली कोंबडी अर्ध्या वाट्याने सांभाळायला देई. होतील ती पिले निम्मी-निम्मी. या व्यवहारास कागद लागत नसे. पटकीसारखा रोग येऊन एका घरचे खुराडे ओस पडले, तरी शेजारच्या घरात त्याच वाणाचे बी शिल्लक असे. गावाचा हा एक प्रकारचा विमाच होता.

हा पैसा बाईचा होता, ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. कापूस आणि ज्वारी पुरुष विकी. अडत्याच्या पेढीवर तोच बसे, आणि सावकाराच्या वहीतही त्याचेच नाव असे. अंडी त्या वहीत कधी चढली नाहीत. म्हणूनच ती वाचली. अर्थात हे चित्र सरसकट समजू नये. माळकरी घरात कोंबडी पाळीत नसत. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल, पावरा, कोकणा यांच्या अंगणांत मात्र ती हमखास असे. आणि दुर्बळाचे अंडे नेहमीच सुरक्षित होते असेही नाही. इंग्रजी अमलात साहेबाचा मुक्काम पडला की रसदीसाठी कोंबड्या-अंडी गोळा होत. त्यांची किंमत मिळे ती रसद गोळा करणाऱ्याच्या मर्जीने.

उन्हाळा हा या व्यापाराचा खरा शत्रू. कोंबडा फिरत असलेल्या अंगणातील अंडे फलित असते, आणि खानदेशच्या वैशाखात कोंबडी न बसताही त्यातील गर्भ वाढू लागून ते बिघडते. म्हणून तेथे हिवाळ्यात अंडी उबविण्याची घाई असे आणि उन्हाळ्यात विकण्याची. उन्हाळ्यात कोंबडा वेगळा ठेवावा, हा कुक्कुटपालनाच्या पुस्तकांतील उपदेश शास्त्रशुद्ध होता. पण ज्या घरात कोंबड्यांना रात्री डालग्याखाली झाकावे लागते, तेथे कोंबड्याला निराळी खोली कोण देणार!

हा वरकड माल एकत्र करून विकण्याची युक्ती डेन्मार्कने जगाला दाखविली. १८९५ साली तेथे अंडी निर्यात करणारी सहकारी संस्था निघाली. प्रत्येक सभासदाला क्रमांक मिळे आणि तो त्याच्या प्रत्येक अंड्यावर उमटविला जाई, म्हणजे इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला नासके अंडे मिळाले तर ते कोणाच्या खुराड्यातले हे शोधून काढता येई. आपल्याकडे १९२० नंतरच्या काळात त्रावणकोरातील मार्तंडम येथे वाय.एम.सी.ए.च्या ग्रामसुधार केंद्राने, स्पेन्सर हॅच यांच्या मार्गदर्शनाखाली, खेड्यातील अंडी गोळा करून शहरात विकणारे मंडळ चालविले. खानदेशात अंड्यावर क्रमांक घालण्याचे कारणच नव्हते. कोणत्या दुरडीतले अंडे कोणत्या घरचे, हे विकत घेणारीस ठाऊक असे. डेन्मार्कची युक्ती दूरच्या गिऱ्हाइकासाठी होती.

दूरचे गिऱ्हाईक आपल्याकडे आले ते स्वातंत्र्यानंतर, आणि तेही दुसऱ्याच मार्गाने. १९५०-५१ साली देशात सुमारे १८३ कोटी अंडी होत. २०२३-२४ साली ही संख्या १४,००० कोटींच्या वर गेली. आरंभी सरकारचा भर घरगुती कोंबडीवरच होता. साठाच्या दशकात युनिसेफच्या साह्याने व्यावहारिक पोषण-कार्यक्रम निघाला, त्यात खेड्यात कोंबड्या पाळाव्यात आणि अंड्यांचा काही भाग गावातीलच माता-बालकांना द्यावा अशी योजना होती. वाटून खाण्याच्या जुन्या रीतीला सरकारी शिक्का मिळाल्यासारखेच हे होते. पण पुढे पिंजऱ्यातील संकरित कोंबडी आली. ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते आणि खुडूक बसत नाही. १९८२ साली बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि शेकड्याचा भाव रोज जाहीर होऊ लागला. मोठ्या उत्पादकांची दलालांच्या तावडीतून सुटका करणारे हे काम मोलाचे होते, यात शंका नाही. तथापि दुरडीतल्या आठ अंड्यांना शेकड्याचा भाव कसा लावावयाचा, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही.

डिंडोलीजवळून जाणारी गाडी नवापूरला थांबते. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा या स्थानकाचेही दोन भाग झाले: अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. याच नवापुरात पिंजऱ्यातील कोंबड्यांचा मोठा धंदा वाढला, आणि याच नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो पक्षी मारावे लागले. मार्चमध्ये हा रोग जळगाव जिल्ह्यातील काही खेड्यांत, घरगुती कोंबड्यांतच, सापडला. रोगाच्या केंद्राभोवती परीघ आखून आतील सर्व पक्षी नष्ट करावयाचे, हा नियम. त्यात कारखान्याची कोंबडी आणि अंगणाची कोंबडी असा भेद करता येत नाही, आणि करूही नये. माणसाच्या जिवाशी गाठ आहे. परंतु परिणाम दोघींवर सारखा होत नाही. कारखानदार उबवणी-केंद्रातून नवी पिले आणतो. अंगणवालीचा विमा शेजारणीच्या खुराड्यात असतो, आणि शेजारणीचे खुराडेही त्याच परिघात, त्याच दिवशी रिकामे होते. भरपाई पैशांत मिळते. वाण पैशांत मिळत नाही. २०२१ साली नवापुरावर हीच आपत्ती पुन्हा आली.

महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागांसाठी अमृत आहार योजना काढली. नंदुरबारच्या अंगणवाड्यांतून मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे देण्याची तरतूद तीत झाली. अंडी गावातच खरेदी झाली तर तो पैसा पुन्हा त्याच अंगणात जातो. गुजरातेत शाळेच्या सरकारी भोजनात अंडे नाही. असे असले तरी गुजरातच्याच सुपुत्राने, गांधीजींनी, १९४२ साली आगाखान महालातील बंदिवासात आरोग्यावर लिहिताना, ज्याला दूध चालते त्याला निर्बीज अंडे चालण्यास हरकत नसावी, असे मत नोंदविले होते. आणि सुरत शहर तर अंड्यांच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध! तेथील एका पदार्थाचे नावच ‘घोटाळा’ आहे. मराठी माणसाला ते ऐकून क्षणभर दचकायला होते, इतकेच.

गावाकडे आता वनराजा, गिरिराज अशा सुधारित जाती आल्या आहेत. त्या गावरान कोंबडीच्या दुपटीहून अधिक अंडी देतात, अंगणात चरून वाढतात. हा लाभ मोठा आहे. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली उबवून घेतली तरी, मूळ पक्षी संकरित असल्याने त्याचा गुण पिलांत जसाच्या तसा उतरत नाही. म्हणजे बाईला दर खेपेस पिले विकतच आणावी लागतात. अंगणात कोंबडी राहते, बियाणे राहत नाही.

डिंडोलीच्या भाड्याच्या खोलीत तर अंगणच नाही. तेथील बाई तीस अंड्यांच्या कागदी तबकातून लागतील तेवढी अंडी दुकानातून आणते. ती ताजी असतात आणि बहुधा गावच्या अंड्याहून मोठीही. तपकिरी मिळाली तर दुकानदार त्यांना गावरान म्हणून चढा भाव सांगतो, वास्तविक तपकिरी अंडी देणाऱ्या पिंजऱ्यातील जातीही आहेत. मिठा-तेलाचा जो पैसा पूर्वी दुरडीतून येई, तो सुरतेत पुष्कळ घरी साड्यांना टिकल्या चिकटवून, लेस लावून, धागे कापून येतो. काम घरबसल्या मिळते, मोबदला नगावर असतो. अंड्याचा भाव ती दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलून स्वतः ठरवीत असे. साडीमागचा दर कापडबाजारातून ठरून येतो.