ठासणीची रायफल आणि हातांचे ज्ञान

अमेरिकेत ठासणीच्या रायफलीचे सुटे भाग एकत्र संचरूपाने विकत मिळतात, आणि ज्याने पूर्वी कधी कानस धरली नाही असा मनुष्यही ते जुळवावयास बसतो. हौशी लोकांचा विरंगुळा म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने तिकडे पाठ फिरवावी काय? आम्हांस तसे वाटत नाही.

ह्या रायफलीचे कूळ पेनसिल्व्हेनियातील. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या परिसरात जर्मन भाषिक मुलुखांतून आलेल्या कारागिरांनी आपल्या आखूड, जाड नळीच्या शिकारी रायफलीचे रूप पालटले. नळी 40 इंचांहून लांब झाली, दस्ता मेपलच्या लाकडाचा व सडपातळ झाला. लोखंडाची पट्टी तापवून, सळईभोवती वळवून व सांधा ठोकून नळी करीत. मग आतून पोखरून तीत पेचदार खाचा पाडीत. गोळीला गिरकी मिळून ती नेमकी जावी, हा त्यांचा हेतू. हे सारे शिष्य गुरूपाशी बसून शिके. पुस्तकात ते फारच थोडे उतरले.

ह्या विद्येस ग्रहण लागण्याची चाहूल दूर फ्रान्समध्ये लागली. 1785 साली होनोरे ब्लांक याच्या कारखान्यात थॉमस जेफर्सन यांनी बंदुकीच्या कळेचे सुटे भाग हाती येतील तसे उचलून जुळविले, आणि ते चपखल बसले. जेथे कोणताही भाग कोठेही बसतो, तेथे कानस चालविणाऱ्याची गरज उरत नाही. एकोणिसाव्या शतकात कारखाने वाढले आणि जुना कारागीर मागे पडला. काही डोंगरी भागांत तेवढी ती विद्या कशीबशी तग धरून राहिली.

पुढे 1933 साली ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संस्था अमेरिकेत स्थापन झाली. 1960 नंतरच्या दशकात विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गसलर यांनी भट्टीत लोखंड तापविण्यापासून आरंभ करून जुन्या रीतीने संपूर्ण रायफल सिद्ध केली. जुन्या रायफली संग्रहालयांत होत्याच. पण त्या कशा झाल्या हे पुरतेपणी कळण्यास पुन्हा एक घडवावी लागली, ही गोष्ट इतिहासकाराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नवशिक्याचा संच त्याच वाटेवरची पहिली पायरी होय. संचात भाग असतात, जुळणी नसते. नळीला काजळी फासून ती दस्त्याच्या खाचेत ठेवावयाची, उचलावयाची, आणि जेथे काळा डाग उमटला तेथलेच लाकूड पटाशीने खरवडावयाचे. असे कितीतरी वेळा. घाई करून जास्त लाकूड काढले, तर ते परत लावता येत नाही. कळ बसविताना रंजकाची वाटी नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रासमोर नेमकी यावी लागते. न आली, तर रंजक पेटूनही आतली दारू पेटेलच असे नाही. ज्याने हे एकदा केले, त्यास जुन्या कारागिराच्या कष्टांचे मोल सांगावे लागत नाही.

तयार भाग जुळविणे ही खरी कारागिरी नव्हे, असा आक्षेप घेतात. परंतु पेनसिल्व्हेनियाचे कारागीरही कळा पुष्कळदा इंग्लंडहून आलेल्याच वापरीत. बंदूक ही पूर्वीपासून अनेक हातांची निर्मिती होती.

आपल्या इतिहासाकडे वळले की मन अस्वस्थ होते. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन याने कवायती पलटणी उभारल्या. त्यांच्यासाठी आग्र्यास सँगस्टर नावाचा स्कॉट तोफा ओती, आणि त्याच्या देखरेखीखाली सुमारे 10 रुपयांत एक, अशा उत्तम बंदुका तयार होत. द बॉयनचे नाव आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो, सँगस्टरचेही ग्रंथांत सापडते. पण त्या कारखान्यात नळ्या ठोकणारे व दस्ते तासणारे लोहार-सुतार कोण, हे आम्ही शिक्षकांनी वर्गात कधी विचारले आहे काय?

बंदुका घडवाव्यात असे आमचे म्हणणे नाही. आपल्याकडे ते परवान्याविना करताही येत नाही. पण आपल्या गावचा लोहार, तांबट, सुतार अजून कामावर आहे. इतिहासाच्या तासाला चार मुले त्याच्या भात्यापाशी नेऊन बसविली आणि जे पाहिले ते त्यांच्याकडून लिहवून घेतले, तर ते टिपण आमच्या पुष्कळ निबंधांहून अधिक काळ उपयोगी पडेल.