बूटकालीन मेमरी-वाटपातील अपयश (लिनक्स)

कर्नेलची नेहमीची वाटप-यंत्रणा उभी राहण्यापूर्वी मागितलेली मेमरी न मिळणे. लिनक्समध्ये या टप्प्यातले वाटप ‘मेमब्लॉक’ पाहतो. अस्तित्वात असलेली मेमरी आणि त्यातली राखीव झालेली मेमरी अशा त्याच्या दोन याद्या असतात. पुढे उरलेली मेमरी तो ‘बडी’ या नेहमीच्या वाटपकाच्या हवाली करतो. मेमब्लॉकच्या आधीची ‘बूटमेम’ ही व्यवस्था २०१८ मध्ये कर्नेलमधून काढण्यात आली.

चालू यंत्रणेत मेमरी संपली तर कॅशे रिकामी करता येते, स्वॅप वापरता येतो, शेवटी एखादी प्रक्रिया मारता येते. बूटच्या आरंभी यांपैकी काहीच नसते. थांबून पुन्हा मागावे, तर मेमरी सोडणारेही कोणी नसते. म्हणून मेमब्लॉक आपल्या परीने आधीच शोध घेतो: मागितलेल्या नोडवर (मेमरीच्या गटात) जागा नसेल तर दुसऱ्या नोडवर, तीही नसेल तर पत्त्याची खालची मर्यादा सोडून. त्यानंतरही जागा न मिळाल्यास तो शून्य पत्ता परत करतो.

हा शून्य पत्ता न तपासणे ही सर्वांत वाईट चूक होय. कर्नेल दुसऱ्याच ठिकाणी कोसळतो आणि कन्सोल अजून सुरू नसल्यास पडद्यावर काहीही उमटत नाही. पूर्वी मेमब्लॉकची बहुतेक फंक्शने स्वतःच पॅनिक करीत, म्हणजे कर्नेल थांबवीत, आणि तसे न करणारी ‘नोपॅनिक’ फंक्शने वेगळी असत. २०१९ च्या ५.१ आवृत्तीत ही जोडी मोडून तपासणीची जबाबदारी मागणाऱ्यावर आली. त्यातून तीच तपासणी अनेक ठिकाणी लिहावी लागली. २०२५ मध्ये आलेले ‘मेमब्लॉक-अलॉक-ऑर-पॅनिक’ हे फंक्शन ती एकत्र आणते. मागणाऱ्या फंक्शनचे नाव आणि बाइट्सची संख्या सांगून ते कर्नेल थांबवते.

पॅनिक मात्र सरसकट योग्य नाही. डेंट्री (फाइलनावांच्या नोंदी) आणि आयनोड (फाइलींची माहिती) यांच्या हॅश तक्त्यांना हवी तेवढी जागा न मिळाल्यास कर्नेल आकार निम्मा करीत पुन्हा मागतो आणि अगदी लहान तक्ताही न मिळाल्यासच थांबतो. मोठा लॉग-बफर मिळाला नाही तर तशी नोंद करून मूळच्या स्थिर बफरवरच काम चालते. क्रॅश-कर्नेलसाठी (मुख्य कर्नेल कोसळल्यावर चालणाऱ्या कर्नेलसाठी) जागा राखता आली नाही तरी बूट पूर्ण होते. हा विवेक प्रत्येक मागणीच्या जागी करावा लागतो. त्यासाठी सामाईक फंक्शन पुरत नाही.

तपासासाठी बूटच्या कमांड लाइनवर ‘मेमब्लॉक=डीबग’ दिल्यास मागण्या आणि राखीव पट्टे, मागणाऱ्या फंक्शनच्या नावासह, लॉगमध्ये दिसतात. कन्सोल उभा राहण्यापूर्वीचे संदेश पाहण्यासाठी सोबत ‘अर्लीकॉन’ हा पर्याय द्यावा लागतो.