मागाचा नकशा आणि यंत्राची स्मृती

सुरत हे नाव मराठी वाचकाला प्रथम आठवते ते १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. ज्या संपत्तीमुळे हे बंदर जगात गाजले, तिच्यात रेशमी आणि जरीच्या वस्त्रांचा वाटा मोठा होता. ही वस्त्रे विणणाऱ्यांपुढे जो प्रश्न होता, तोच आपल्या काळात खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. यंत्राने काय करावे हे सांगणारी स्मृती हरपली, किंवा कोणी कुलुपात ठेवली, तर ती परत कशी मिळवावी?

किनखाबासारखे नक्षीदार वस्त्र ज्या मागावर विणले जाई, त्या मागाला नक्षीचे काहीच ज्ञान नसे. ते ज्ञान दोऱ्यांच्या एका गुंफणीत असे. तिला नकशा म्हणत आणि ती बांधणाऱ्या कारागिरास नकशेबंद. बाण्याच्या प्रत्येक फेऱ्यास ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे, हे त्या दोऱ्यांत बांधलेले असे. मागावर बसलेला पोऱ्या ते दोर क्रमाने ओढी. नकशा कुजला की माग धडधाकट असूनही निरुपयोगी होई. मग जुने वस्त्र पुढ्यात घेऊन एकेक धागा मोजावा आणि त्यावरून नकशा पुन्हा बांधावा, एवढाच मार्ग उरे.

शिकविणारा भेटला तर हा खटाटोप वाचतो. एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जीजीभाई यांनी सुरतेच्या तीन पारशी विणकर बंधूंना चीनमध्ये पाठविले, तेथे छोई नावाच्या उस्तादाकडे ते रेशीमकाम शिकले आणि तिघांच्या व गुरूच्या स्मरणार्थ त्या वस्त्रास तनछोई हे नाव पडले, असे परंपरा सांगते. पुढे सुरतेत ही कला मावळली. आज तनछोई म्हटले की बनारसचे नाव पुढे येते.

१८०४ मध्ये फ्रान्समधील लियाँ शहराच्या जॅकार्डने दोऱ्यांच्या जागी छिद्रे पाडलेले पुठ्ठे आणले. पुठ्ठा हाती घेऊन छिद्रे वाचता येत. आज सुरतेच्या कारखान्यांतील इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला नक्षी पेनड्राइव्हमधून मिळते. आता नकशा दृष्टीस पडत नाही. तो सिलिकॉनच्या चकतीत विद्युत्भार होऊन बसला आहे.

संगीतयंत्राचा नकशाही असाच. त्यास फर्मवेअर म्हणतात. कळ दाबली की गाणे कसे शोधावे, आवाज किती ठेवावा, पडद्यावर काय दाखवावे, हे सारे त्यात लिहिलेले असते. अनेक छोट्या यंत्रांत हे लेखन आठ पायांच्या एका चिपमध्ये असते. तिच्या पायांना चिमटा लावून वाचनाची आज्ञा आणि आरंभीचा पत्ता दिला, की ती आपल्या पोटातील अंक ओळीने सांगू लागते. हे झाले सरळ प्रकरण. पुष्कळ निर्माते ही वाट बंद करतात.

आर्कोस कंपनीच्या संगीतयंत्राची आज्ञावली अशीच उलटसुलट करून दिलेली होती. २००१ च्या अखेरीपासून स्वीडनमधील काही अभियंत्यांनी ती उलगडली, यंत्राची रचना जाणून घेतली आणि रॉकबॉक्स नावाची स्वतःची आज्ञावली लिहून सर्वांस मोफत दिली. पुढे तिच्यात यादीतील नावे मोठ्याने बोलून दाखविण्याची सोय झाली. पडदा न दिसणाऱ्या अंध श्रोत्यांच्या हाती त्यामुळे स्वतःचे संगीत आले.

आयपॉडच्या चौथ्या पिढीची कथा तर अद्भुतच. २००४ मध्ये हे यंत्र आले, तेव्हा त्याच्या आरंभीच्या आज्ञा बाहेर काढण्यास काही वाटच सापडेना. मात्र चाकावर बोट फिरविताना टिकटिक करणारा एक बारीक ध्वनिक यंत्रात होता. जर्मनीतील एका तरुण विद्यार्थ्याने त्याच्याकडूनच स्मृतीतील अंक टिकटिकीच्या रूपाने वदवून घेतले, बाहेरचा आवाज शिरू नये म्हणून यंत्र पेटीत ठेवून कित्येक तास ध्वनिमुद्रण केले आणि त्या आवाजावरून मूळ आज्ञा पुन्हा मांडल्या. संगीतयंत्राने आपले गुपित ध्वनीतच सांगितले!

यास चोरी म्हणावे काय? दुसऱ्याची आज्ञावली उतरवून विकणे हा उघड अपराधच आहे. परंतु आपल्याजवळ कायदेशीरपणे असलेल्या आज्ञावलीशी स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीचा मेळ बसावा, म्हणून आवश्यक ती आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती काढून घेण्यास भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने १९९९ च्या दुरुस्तीनंतर मुभा दिली आहे. ही मुभा मोलाची आहे, कारण निर्माता कायमचा नसतो. आयपॉडची निर्मिती २०२२ च्या मे महिन्यात थांबली. चिपमधील विद्युत्भारही वर्षांगणिक झिरपत जातो, आणि एकदा तो गेला की मोजावयास धागाही शिल्लक राहत नाही.

नकशा कुजला तरी सुरतेच्या विणकराजवळ निदान कापड उरे. आजच्या यंत्राचा नकशा वाचावयाचा असेल, तर तो शाबूत आहे तोवरच वाचून ठेवावा लागेल.