‘कृपेने नीतिमान ठरणे’ म्हणजे काय? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून समजून घेऊ

देवाने आपल्याला स्वीकारावे म्हणून माणसाने काय करायचे? ख्रिस्ती धर्माचे उत्तर अनेकांना कोड्यात टाकते. हा स्वीकार पुण्य करून कमावता येत नाही, तो फुकट मिळतो. मग चांगले वागायचे तरी कशासाठी?

मूळ विचार काय?

‘नीतिमान ठरणे’ ही भाषा न्यायालयातली आहे. न्यायाधीशाने आरोपीला निर्दोष ठरवावे, तसे देव माणसाला ठरवतो. पौलाने रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांनुसार हे कर्मांमुळे नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने, देणगी म्हणून मिळते. हीच ‘कृपा’. मात्र सत्कृत्ये करण्यासाठीच माणूस नव्याने घडवला जातो, असेही पौल सांगतो. याकोबाचे पत्र तर कृतीवाचून असलेल्या विश्वासाला मृत म्हणते.

रमाबाईंना काय उमगले?

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. म्हणजे सेवा सुरूच होती. तरीही बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी हे स्वतःच नोंदवले आहे. आपल्या प्रयत्नांवरची भिस्त सोडून त्यांनी क्षमा देणगी म्हणून स्वीकारली.

पुढे काय झाले?

त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. त्यातून पुण्याजवळच्या केडगावात ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. तिथे शिक्षणाबरोबर शेती, विणकाम, छपाई शिकवली जाई. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी वेगळे घर काढले. त्याचे नाव ‘कृपा सदन’.

सगळे ख्रिस्ती सहमत आहेत का?

१६व्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि कॅथलिक चर्च यांच्यातल्या फुटीच्या मुळाशी हाच प्रश्न होता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघाने संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. काही मतभेद उरले, पण मूळ मुद्द्यावर एकमत झाले : स्वीकार कृपेनेच होतो आणि सत्कृत्ये हे त्याचे फळ असते.

म्हणूनच सुरुवातीच्या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर असे : चांगले वागायचे ते देवाने स्वीकारावे म्हणून नव्हे, त्याने आधीच स्वीकारले आहे म्हणून. ‘कृपा सदन’ हे नावही याच विचाराची आठवण करून देते.