तळटीप १७ : गव्हावरचा मावा

१७. मावा : चिंचपाड्याकडे (ता. नवापूर) रब्बीत जिथे पाण्याची सोय आहे तिथे गहू पेरतात. थंडी आणि ढगाळ हवा जुळून आली की त्यावर मावा पडतो. ही इवलीशी कीड सुईसारखी सोंड पेशींच्या फटींतून अन्नरसाच्या नळीपर्यंत नेते आणि वाटेत लाळ सोडते. या लाळेला झाड काय उत्तर देते, यावर पुढचे सारे ठरते. बळी पडणाऱ्या वाणाचे हरितद्रव्य घटते, पाने पिवळी पडतात, दाणा बारीक राहतो. माव्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. १९७८ साली दक्षिण आफ्रिकेत आणि १९८६ साली अमेरिकेत आढळलेल्या रशियन गहू माव्याने तर पाने गुंडाळतात, त्यांवर पांढरट पट्टे उमटतात आणि त्या गुंडाळीत मावा फवारणीपासून बचावतो. प्रतिकारक वाणात मात्र पेरॉक्सिडेज, कायटिनेज यांसारखी संरक्षक विकरे लवकर वाढतात आणि पान सपाट, हिरवे राहते. आर. एच. पेंटर यांनी १९५१ साली अशा प्रतिकाराचे तीन प्रकार सांगितले : किडीला झाड न रुचणे, झाडावर किडीची वाढ खुंटणे आणि कीड असूनही झाडाने तग धरणे. म्हणून नुसता मावा दिसला की औषध मारू नये. पान, ओंबी आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांची संख्या आधी पाहावी. प्रतिकारही कायमचा नसतो : २००३ साली कोलोरॅडोत माव्याच्या नव्या प्रकाराने तिथल्या प्रतिकारक गव्हाला नमवले. — संपा.