मासा पिकतो कशाने, वितो कशाने?

मंडळी, आजचा विषय माशांचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

कटला, रोहू, मृगळ हे मासे तळ्यात छान पोसतात. मादीच्या पोटात अंडीही भरतात. पण साचलेल्या पाण्यात ती अंडी बाहेर पडत नाहीत, हंगाम सरला की शरीरातच जिरून जातात. हेच मासे पुराच्या नदीत, काठच्या उथळ पाण्यात अंडी सोडतात. म्हणून बंगाल-ओरिसातला तळेवाला पिढ्यान्‌पिढ्या नदीच्या भरवशावर. पुरात बारीक जाळी लावायची, मत्स्यजिरे धरायचे आणि मडक्यांत भरून आणायचे. त्यात रोहूबरोबर आणखी काय आलंय हे ओळखणं अवघड. शिकारी जातीची पिल्लं निघाली, की बाकीची त्यांच्या पोटात!

आता प्रश्न असा, की पुरात नेमकं असतं काय? प्रवाह, गारवा, की आणखी काही? 1930च्या दशकात ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी उत्तर बाहेर शोधलंच नाही. मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी माशांना विणीला लावलं. आपल्याकडे हमीद खान यांनी त्याच दशकात मृगळावर प्रयत्न केला. पण खात्रीची पद्धत मिळाली ती 10 जुलै 1957 रोजी, ओरिसातल्या अंगूल इथे, हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांना. तो दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

कृती ऐकायला साधी वाटते. मेलेल्या माशाची कवटी उघडून मुगाएवढीसुद्धा नसलेली ती ग्रंथी काढायची, अल्कोहोलमध्ये ठेवायची, घोटून अर्क करायचा. मादीला दोनदा टोचायचा, नराला एकदा. मग कापडाच्या हाप्यात दोघांना सोडायचं.

पण तारीख बघा, 10 जुलै. ऐन आषाढ! तोच अर्क मार्गशीर्षात टोचला असता, तर हाती काही लागलं नसतं. आपल्या न्यायशास्त्रात घटाचं उदाहरण देतात ना? माती वेगळी, कुंभार वेगळा. इथे इंजेक्शन हा कुंभार झाला. माती, म्हणजे पिकलेली अंडी, ती ऋतूने आणि अन्नाने आधीच तयार व्हावी लागते. आपण कुंभाराचा सत्कार करतो. मातीची चौकशी उशिरा सुरू झाली. जनक माशांना बरीच वर्षं भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा, एवढंच खाद्य मिळे. त्यांना प्रथिनं, स्निग्धाम्लं, जीवनसत्त्वं किती लागतात, अंड्यांची संख्या आणि पिल्लांचा दम त्यावर कसा ठरतो, हे संशोधन मागाहून आलं. माझ्या मते, अर्धा इतिहास तिथे आहे.

1980च्या दशकात लिन आणि पीटर यांच्या कामातून संप्रेरकाचं तयार मिश्रण आलं आणि ग्रंथीसाठी मासे गोळा करणं संपत गेलं. बीज मुबलक झालं. मात्र एक अडचण नदीने कधी दिली नव्हती, ती आता आली. बीजकेंद्रात तेच ते जनक वर्षानुवर्षं वापरले, की भावाबहिणींचीच जोडी लागते. पिल्लं मंद वाढतात. मग चांगल्या केंद्रांना नव्या रक्ताचे मासे आणायला पुन्हा नदीवरच जावं लागतं.