कारागिराचा हात, मालकाची मूठ

जे. आर. आर. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’विषयी (१९५४–५५) एक मत इतके रुजले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कुणाला वाटत नाही. एल्फ म्हणजे निसर्ग, ऑर्क म्हणजे यंत्र. लेखक तंत्रज्ञानाचा वैरी आणि प्रत्येक वंशाचे कसब जन्मानेच ठरलेले.

पूर्वपक्ष निराधार नाही. ‘द हॉबिट’मधले (१९३७) गॉब्लिन, म्हणजे ऑर्कच, हुशार वस्तू घडवतात, सुंदर नव्हे. जादूगार सारुमान झाडे तोडून आपल्या आयसेनगार्ड या गडाच्या भट्ट्या पेटवतो. भाता, पाणचक्की आणि हातमाग यांपेक्षा गुंतागुंतीचे यंत्र शेतीत रमणाऱ्या हॉबिटांना रुचत नाही. पण एवढ्यावर निकाल देणे म्हणजे अर्धीच साक्ष ऐकणे होय.

एल्फ नुसते रानात गाणी गात बसत नाहीत. त्यांच्यातले नोल्डोर हे लोहार, जवाहिरे आणि शिल्पी. ड्वार्फांच्या मोरिया या भूमिगत नगरीचे पश्चिमद्वार पाहा. ते घडवले नार्वी या ड्वार्फने आणि त्यावरची, चांदण्यात उजळणारी चिन्हे रेखाटली एल्फ केलेब्रिंबोरने. ज्यांचे वैर सर्वांना ठाऊक, त्या दोन वंशांच्या सर्वोत्तम कारागिरांनी एकच दार घडवले. इथे कसब वंशाच्या कुंपणात राहत नाही.

दुसरा पुरावा याहून बळकट आहे. कथेतला मुख्य खलनायक सॉरॉन आणि सारुमान हे दोघेही मूळचे औलेच्या परिवारातले, आणि देवतुल्य औले हा धातू, दगड व शिल्प यांचा स्वामी. त्याची पत्नी यावान्ना ही वनस्पतींची स्वामिनी. निसर्ग आणि शिल्प यांचे मुळातच हाडवैर असते, तर टॉल्किनने त्यांचा संसार का मांडला असता?

मग दोष कुठे? ‘द सिल्मरिलियन’मध्ये (१९७७) दोन निर्माते समोरासमोर ठेवता येतात. औले परवानगीविना ड्वार्फ घडवतो. सृष्टिकर्ता इलुवातारने जाब विचारताच स्वतःची निर्मिती मोडायला हातोडा उगारतो. ही तयारी पाहूनच इलुवातार ड्वार्फांना स्वीकारतो. उलट, जगाला प्रकाश देणाऱ्या, आता मेलेल्या दोन वृक्षांना जगवण्यासाठी यावान्ना फेआनोरकडे त्याने घडवलेली, त्याच वृक्षांचा प्रकाश साठवलेली सिल्मरिल रत्ने मागते, तेव्हा तो नकार देतो. फेआनोर एल्फांतला सर्वश्रेष्ठ कारागीर. त्याच्या कसबात कमतरता नव्हती. त्याला सोडता आले नाही. त्याच मुठीची परमावधी म्हणजे सॉरॉनची अंगठी: इतरांच्या इच्छेवर ताबा मिळवण्यासाठी घडवलेली वस्तू.

कारागिरी कशी असावी, हे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला ड्वार्फ गिमली सांगतो. हेल्म्स डीपच्या लकाकत्या गुहा पाहून तो म्हणतो की ड्वार्फ त्या खणून लुटणार नाहीत. जपून, हलके घाव घालत काम करतील, कदाचित दिवसाकाठी एकच कपरी उडेल.

हॉबिटांच्या शायर या प्रदेशातली सँडिमनची गिरणीही हेच दाखवते. हॉबिटांकडे गिरणी पूर्वीपासून होती आणि तिच्यात दळण होत असे. नव्या गिरणीत चाके वाढतात, पण सारुमान आल्यावर दळणच थांबते. उरतो ठोकाठोकीचा आवाज, धूर आणि नदीत सोडलेली घाण. टॉल्किनचा आक्षेप चाकांना नाही, दळण सोडून दिलेल्या गिरणीला आहे.

म्हणून त्याला यंत्रद्वेष्टा म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे आणि आपल्याला फसवणारेही. तंत्रज्ञानाचा दोष एका जमातीच्या किंवा अवजाराच्या माथी मारला की घडवणाऱ्याची जबाबदारी संपते. टॉल्किन ती संपू देत नाही. तू हे कुणासाठी घडवलेस आणि वेळ आली तर सोडशील का, हे दोन प्रश्न तो एल्फ, ड्वार्फ, माणूस आणि देवतुल्य औले, सर्वांना सारख्याच कठोरपणे विचारतो.